चंद्रपूर-गडचिरोलीतला तुरुंगवास : जरब आणि सुधारणा

चंद्रपूरच्या तुरुंगाची जुनी ओळख फाशीची आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना बंडाबद्दल इंग्रजांनी तिथे फासावर चढवले. हेतू जरब बसवण्याचा होता, घडले उलटेच. आवारातला फाशीचा पिंपळ श्रद्धास्थान बनला आणि शहीद दिनाला लोक आजही तिथे हार घेऊन जातात. पुढे १८९४ च्या कारागृह कायद्यातही भर राहिला तो पहारा, शिस्त आणि सक्तमजुरीवर.

वेगळी वाट औंध संस्थानाने काढली. मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नसलेल्या या वसाहतीत खुनाचे कैदीही शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. नंतर पैठण, मोर्शी आणि गडचिरोलीतही खुली कारागृहे निघाली. मात्र तिथे जागा मिळते ती शिक्षा लागलेल्या, चांगल्या वर्तनाच्या कैद्याला. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. ज्याचा गुन्हाच ठरलेला नाही, त्याला सुधारायचे तरी कशातून?

नक्षल खटल्यांत हे जास्त बोचते. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जामीन अवघड, आरोपी माडिया बोलणारा, कोर्टाचे कामकाज मराठीत. भामरागडहून नागपूरला मुलाखतीला जायचे तर घरच्यांची मजुरी बुडते. नक्षलवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून प्रा. जी. एन. साईबाबा यांना गडचिरोली सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्यांचा एक तरुण आदिवासी सहआरोपी २०२२ मध्येच कैदेत वारला होता.

दुसरीकडे गडचिरोली जिल्ह्यातच २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना सुरू आहे. रोख मदत, घर, काम असे तिचे स्वरूप. दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र पथकात, लग्नाआधी नसबंदी करून घ्यावी लागलेल्या काही पुरुषांवर ती उलटवण्याची शस्त्रक्रियाही झाली; काहींना कोनसरीच्या लोह प्रकल्पात नोकरी लागली. जानेवारी २०२५ मध्ये नक्षल नेती तारक्का शरण आली, तर ऑक्टोबरमध्ये नक्षल नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. अर्थात तुरुंगातल्या कैद्याशी त्यांची तुलना सरळ नाही: शरण येणारा स्वतःहून येतो, त्यामागे पोलिसांचा दबावही असतो. तरी पुनर्वसनाला पैसा आणि माणूसबळ दिले तर काय होते, हे इथे दिसले. चोरी-मारामारीची शिक्षा भोगून चंद्रपूर तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याला मात्र घर-नोकरीची अशी हमी नाही.