फणसाचा गरा आणि यंत्राचा कौल

केरळच्या राज्य परिवहन महामंडळाच्या पंदळम आगारात 2025 च्या जुलैत घडलेली हकीकत वाचकांच्या वाचनात आलीच असेल. पहाटेच्या पाळीवर रुजू होण्यापूर्वी नित्याप्रमाणे नळीत फुंकर घातलेल्या, मद्याचा थेंबही न घेतलेल्या चालकांना यंत्राने मद्यपी ठरवले. तेव्हा ज्याची फुंकर निर्दोष ठरली होती अशा एकाला, सहकाऱ्याने घरून आणलेल्या पिकल्या फणसाचे गरे खाऊ घालून पुन्हा नळीपुढे उभे करण्यात आले, आणि यंत्राने त्याच्याही माथी तोच दोष मारला. कोकणच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. बरका फणस एखादा दिवस जास्त राहिला की त्याचा रस आंबतो आणि त्याला उग्र दर्प सुटतो. तोंडातला असा मद्यांश पंधरा-वीस मिनिटांत विरून जातो, म्हणूनच चूळ भरवून, थोडे थांबून दुसरी फुंकर घेणे हा या परीक्षेचा प्राण होय. माणसाचा शब्द खरा असू शकेल असे मानून आगाराने प्रयोग करून पाहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण जेथे आकडा हाच निवाडा होतो, तेथे कर्मचाऱ्याची कैफियत दप्तरी दाखलच होत नाही.

श्वास निदान या घटकेची अवस्था तरी सांगतो. मूत्राची तपासणी मात्र गत दिवसांचा इतिहास उकरते. गांजाचे अवशेष नशा उतरल्यावरही कित्येक दिवस, आणि नित्य सेवन करणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहतात. अमली पदार्थांविषयीच्या आपल्या 1985 च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली आहेत, सबब होळीला घेतलेली पानांची भांग त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. तरी पुढे होणाऱ्या तपासणीत तीच भांग गांजा म्हणून उमटू शकते. खसखशीची कथा तर आपल्या स्वयंपाकघरातलीच. पोळपाटावर खसखस पसरून तिच्यावर अनारशाची गोळी बोटांनी थापणाऱ्या गृहिणीच्या मनातही येणार नाही, की त्या दाण्यांना अफूच्या बोंडातील मॉर्फीनचा अंश चिकटलेला असू शकतो. अमेरिकेत पावांवर पेरलेल्या याच दाण्यांमुळे निरपराध माणसे संशयित ठरू लागली, म्हणून तेथील केंद्र सरकारने 1998 मध्ये तपासणीची मर्यादा एका मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. आणि 2023 मध्ये तेथील संरक्षण खात्याला सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना द्यावी लागली.

त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 1989 रोजी या विषयावर एकाच दिवशी दोन निकाल दिले. रेल्वे अपघातानंतर कर्मचाऱ्यांचे रक्त व मूत्र तपासण्याचा नियम पहिल्याने वैध ठरवला. दोनच वर्षांपूर्वी मेरीलँडमधील चेस येथे, गांजा ओढलेल्या चालकाच्या हाती असलेल्या इंजिनांमुळे झालेल्या अपघातात 16 माणसे दगावली होती हे ध्यानी घेता, तो निकाल मला न्याय्य वाटतो. जकात खात्यात विशिष्ट जागांवर बढती मागणाऱ्यांच्या तपासणीलाही दुसऱ्याने पाच विरुद्ध चार मतांनी संमती दिली, पण रेल्वेच्या खटल्यात बहुमतात असलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया येथे विरोधात गेले. पुराणमतवादी म्हणून ख्यात असलेल्या या न्यायाधीशांचा सवाल असा, की व्यसनामुळे त्या खात्यात हानी झाल्याचे एकही उदाहरण सरकार दाखवू शकत नसेल, तर माणसाच्या देहाच्या मर्यादेवर हे अतिक्रमण कशासाठी? याहून सरळ कसोटी माझ्या वाचनात नाही.

आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने 31 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या नियमांत दरवर्षी किमान 10 टक्के वैमानिकांची व हवाई वाहतूक नियंत्रकांची अकस्मात तपासणी, संशयित नमुन्याची खातरजमेची दुसरी चाचणी आणि पहिल्या दोषानंतर व्यसनमुक्तीचा उपचार, अशी तजवीज आहे. ज्यांच्या हाती शेकडो प्राण, त्यांची तपासणी झालीच पाहिजे. परंतु खासगी कचेरीत हिशेब लिहिण्यासाठी अर्ज करणाऱ्या तरुणाचे मूत्र कोणी, कशासाठी तपासावे, अहवाल कोणाच्या हाती जावा, याचे नियमन करणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. दुसरी चाचणी, अहवालाची प्रत आणि म्हणणे मांडण्याची संधी हे तीन हक्क संसदेने त्याला द्यावेत. तोवर वाचकांना माझी विनंती आहे, की आपल्या मुलामुलींकडून असा नमुना मागितला गेला, तर चालू औषधांची यादी त्यांनी आधी लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत मागितल्याखेरीज उठू नये.