लावलेली आग आणि लागलेली आग : अमेरिकेतील सरकारी जंगलांचा अनुभव

अमेरिकेत राष्ट्रीय जंगले म्हणून ओळखली जाणारी सुमारे १९.३ कोटी एकर जमीन 'फॉरेस्ट सर्व्हिस' या सरकारी खात्याच्या ताब्यात आहे. हे खाते दरवर्षी आपल्याच जंगलांत ठिकठिकाणी मोजूनमापून आग लावते. त्यासाठी शिकवून तयार केलेली माणसे असतात, लेखी आराखडा असतो, वरिष्ठांची सही असते. आणि हेच खाते विसाव्या शतकाची पहिली साठ-सत्तर वर्षे जंगलातली जवळजवळ प्रत्येक आग ही शत्रू मानत होते. हा बदल विज्ञानाच्या प्रगतीमुळे झाला, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. ते अर्धेच खरे आहे. आग केव्हा, कुठे आणि किती लावायची हे जाणणारी माणसे त्या जंगलांत आधीपासून होती. त्यांच्या हातातली आग काढून घेतली गेली, आणि ती काढून घेताना त्यांच्या ज्ञानालाच गुन्ह्याचे नाव दिले गेले. आपल्याकडे वनहक्काच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी हा इतिहास तपशिलाने पाहावा असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्रजीत या आगीला 'प्रिस्क्राइब्ड फायर' म्हणतात. त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द 'विहित आग' असा होईल. पण 'विहित' हा शब्द माझ्या लेखणीतून सहजी उतरत नाही. धर्मशास्त्राने आपल्या वाडवडिलांच्या माथी जे जे मारले ते सगळे विहितच होते. मी 'योजलेली आग' म्हणतो.

आधी जळणाविषयी. त्या खात्याच्या भाषेत जंगलात जे जे पेटू शकते ते सारे जळण : वाळले गवत, पाचोळा, पाइनच्या सुया, काटक्या, पडलेले ओंडके, झुडपे, उभी झाडेसुद्धा. मेलेल्या जळणाची विभागणी जाडीवर करतात. पाव इंचाहून बारीक ते एक तासाचे जळण, पाव ते एक इंच जाडीचे दहा तासांचे, एक ते तीन इंचांचे शंभर तासांचे आणि तीन ते आठ इंचांचे हजार तासांचे. हे तास जळण्याचे नव्हेत. हवेतला ओलावा बदलला की त्या बदलाशी जुळवून घ्यायला ते लाकूड साधारण किती वेळ घेते, त्याचे हे तास आहेत. सकाळी दवाने भिजलेले गवत दुपारी कडकडीत होते. मांडीएवढ्या ओंडक्याला मात्र कित्येक आठवडे कोरडी हवा लागते. मी भूगोल शिकवतो, आणि हा तक्ता फळ्यावर लिहिला की मुले तो पाठ करायला बसतात. खरे तर चूल पेटवणाऱ्या कोणत्याही बाईला तो पाठ असतो. आमच्या घरी पाचोळा, काटकी, फाटा आणि खोड यांचे ढीग वेगळे असत, आणि पावसाळ्यात चुलीमागे काय सुकत ठेवायचे आणि काय उद्यासाठी झाकायचे हे माझी निरक्षर आई बोटांनी चाचपून ठरवी.

जळण किती आहे याच्याइतकेच ते कसे रचलेले आहे याला महत्त्व आहे. जमिनीवरची आग झुडपावर, झुडपावरून खालच्या फांदीवर आणि तिथून शेंड्यावर चढते. या मधल्या जळणाला ते लोक 'शिडी' म्हणतात. आग शेंड्यांवरून पळू लागली की माणसाच्या हाती राहत नाही. पश्चिम अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या जुन्या जंगलांत ही शिडी फारशी नसे. जुन्या बुंध्यांच्या वाढीच्या वलयांत आगीचे व्रण सापडतात. ते मोजले तर दिसते की अनेक ठिकाणी पाच-दहा ते वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची हलकी आग येऊन जात होती. काही आगी विजेच्या होत्या, काही माणसांच्या. या आगीत पाचोळा आणि रोपटी जळत, जाड सालीची मोठी झाडे उभी राहत. आग बंद झाली आणि शिडी तयार होत गेली.

आता आग लावण्याची रीत. आराखड्यात हवेचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग आणि जळणातला ओलावा यांच्या खालच्या-वरच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या मर्यादेत दिवस बसला तरच काम करायचे. प्रथम एका कोपऱ्यात छोटी आग लावून तिची चाल पाहतात. मग वारा ज्या बाजूला वाहतो त्या कडेला, किंवा उताराच्या माथ्यावर, जाळून एक काळा पट्टा तयार करतात. पुढे येणाऱ्या आगीला तिथे खायला काही उरत नाही. त्यानंतर डिझेल आणि पेट्रोलचे मिश्रण ठिबकणारा टेंभा घेऊन माणसे ओळीने चालत जाळाच्या पट्ट्या ओढतात. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग बुटकी आणि सावकाश असते, वाऱ्याबरोबरची धावते. कुठे कोणती वापरायची यातच कसब आहे. नंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. मुळांत, बुंध्यांत, राखेखाली धग उरली आहे का हे हाताने चाचपत फिरावे लागते. जिथे जळण फार माजले आहे तिथे थेट आग लावताच येत नाही. आधी लहान झाडे तोडून ढीग रचायचे आणि ते हिवाळ्यात बर्फ असताना जाळायचे. आणि प्रत्येक रानाला हे औषध चालत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातले दाट झुडपी रान वारंवार जळाले तर संपते आणि तिथे परके गवत शिरते.

ही सारी रीत नव्याने लिहून काढावी लागली, याचे कारण इतिहासात आहे.

कॅलिफोर्नियातले कारुक, युरोक आणि इतर अनेक आदिवासी समाज पिढ्यान्पिढ्या रान जाळत आले. हेझेलचे झुडूप जाळले की पुढच्या हंगामात सरळ, लवचिक फोक फुटतात आणि त्यांच्या टोपल्या विणता येतात. ओकखालचा पाला जाळला की फळातली कीड मरते आणि अन्नाचा साठा टिकतो. हरणांना कोवळा चारा मिळतो. १८५० साली, राज्य होताहोताच, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 'इंडियन लोकांचा कारभार व संरक्षण' अशा नावाचा कायदा केला. त्यात गवताळ रानाला आग लावणे शिक्षेस पात्र ठरले. त्याच कायद्याने आदिवासी मुलांना गोऱ्यांच्या घरी वेठीला ठेवण्याची आणि 'भटके' ठरवलेल्या माणसाची मजुरी लिलावात विकण्याची सोय केली. कायद्याच्या नावातला 'संरक्षण' हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटेल.

ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक आग विझवायला नेलेले मजूर होते. खाते तेव्हा पाच वर्षांचे होते. या धक्क्यातून त्याने निष्कर्ष काढला तो असा की आग म्हणजे युद्ध. काही जमीनमालक आणि शेतकरी म्हणत होते की हलकी आग अधूनमधून लावू द्या. त्यांच्या मताला १९२० च्या सुमारास वनाधिकाऱ्यांनी 'पाययूट वनशास्त्र' असे हिणवले. पाययूट ही एक आदिवासी जमात. तिचे नाव चिकटवले की मत आपोआप अडाणी ठरते, मग पुरावा देण्याची गरज उरत नाही. जातीचे नाव शिवी म्हणून वापरणाऱ्या समाजात वाढलेल्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. १९१८ साली क्लॅमथ राष्ट्रीय जंगलातल्या एका रेंजरने तर वरिष्ठांना लिहिले की आग लावणाऱ्यांना थांबवण्याचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे झुडपात दिसताच कोल्ह्यासारख्या गोळ्या घालणे. हे पत्र सरकारी दप्तरात आहे.

१९३५ मध्ये नियम झाला : कोणतीही आग दिसल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून टोपी घातलेले एक अस्वल भित्तिचित्रांतून मुलांना आगीविरुद्ध शिकवू लागले. दक्षिणेकडचे गरीब गोरे शेतकरी रान जाळण्याचे सोडत नव्हते, म्हणून खात्याने तिकडे चक्क मानसशास्त्रज्ञ धाडला; त्यांच्या कंटाळवाण्या, वैफल्यग्रस्त आयुष्यात आग हा एक विरंगुळा आहे असा त्याने १९४० मध्ये निष्कर्ष मांडला. तिथला लाँगलीफ पाइन आगीवाचून उगवत नाही ही गोष्ट त्याच्या अभ्यासात बसणारी नव्हती. तीनच वर्षांनी खात्याला त्याच पाइनच्या जंगलांत योजून आग लावायला परवानगी द्यावी लागली.

विझवण्याच्या कामावर कोण होते तेही पाहावे. १९४५ मध्ये जपानने फुग्यांतून सोडलेल्या बाँबनी वायव्येकडची जंगले पेटतील या भीतीने ५५५ वी पॅराशूट बटालियन तिकडे पाठवली. ही सगळी काळ्या सैनिकांची तुकडी होती. विभक्त सैन्यातल्या या प्रशिक्षित छत्रीधारींना युरोपच्या आघाडीवर जागा मिळाली नव्हती, जळत्या जंगलात उडी मारायला मात्र मिळाली. त्यांच्यातला एक जवान ऑगस्टमध्ये ओरेगॉनच्या जंगलात मरण पावला. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकापासून तुरुंगातले कैदी आगीवर नेले जातात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत होते तेव्हा त्यांची रोजची मूळ मजुरी सुमारे ५ ते १० डॉलर होती. इतर राबत्या हातांना तिथे तासाला याहून अधिक मिळते.

दहाच्या नियमाला खात्याने १९७८ मध्ये सोडचिठ्ठी दिली. महाकाय सिकोया वृक्षांच्या अभ्यासाचा त्यात वाटा आहे : त्यांची फळे आगीच्या उष्णतेने उकलतात आणि बी उघड्या मातीतच रुजते, म्हणजे आगीपासून जपलेल्या वनराईत पोरच जन्मत नव्हते. पण तोवर जळण साठले होते, आणि पुढे हवामानही तापत गेले. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत त्याच सिकोयांपैकी मोठे वृक्ष अंदाजे १३ ते १९ टक्के मेले. जानेवारी २०२२ मध्ये खात्याने दहा वर्षांत राष्ट्रीय जंगलांच्या आणखी २ कोटी एकरांवर जळण कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

त्यानंतर तीनच महिन्यांत, ६ एप्रिल २०२२ रोजी, न्यू मेक्सिकोत खात्याने लावलेली आग सुटली. आराखडा मंजूर होता. पण रान कागदावरच्यापेक्षा कोरडे होते, वारा बेभरवशाचा होता आणि काम उरकण्याचा ताण होता, असे खात्याच्याच चौकशीत नमूद आहे. जवळच जानेवारीत जाळलेल्या ढिगांतली धग बर्फाखाली तीन महिने जिवंत राहून एप्रिलमध्ये वर आली. दोन्ही आगी एक झाल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर जळाले. शेकडो घरे गेली. ही घरे मुख्यतः मोरा आणि सान मिगेल परगण्यांतल्या स्पॅनिशभाषक कष्टकऱ्यांची. मेक्सिकोच्या काळात त्यांच्या पूर्वजांना मिळालेल्या सामाईक जमिनी १८४८ नंतर वकील, सट्टेबाज आणि न्यायालये यांच्यामार्फत हातून गेल्या, त्यांतल्या काही पुढे सरकारी जंगल झाल्या. ज्या रानातून सरपण आणण्यासाठी त्यांना परवाना लागत होता, त्या रानातून आग मात्र विनापरवाना त्यांच्या दारात आली. तेव्हा 'आग चांगली की वाईट' हा वाद मला पोकळ वाटतो. ज्याचे घर खाली आहे त्याला दिवस ठरवताना विचारले होते का, हा प्रश्न आहे.

या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. २०१३ पासून युरोक लोकांची एक परिषद आपल्या भूमीवर पुन्हा सांस्कृतिक आग लावते आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून प्रशिक्षित व परंपरागत जाणकारांवरची आग विझवण्याच्या खर्चाची जबाबदारी घोर निष्काळजीपणापुरती मर्यादित केली. २०२४ च्या दुसऱ्या कायद्याने मान्यताप्राप्त जमातींना राज्याशी करार करून, राज्याच्या परवान्याशिवाय आग लावण्याची वाट उघडली. २०२५ मध्ये पहिला करार कारुक जमातीशी झाला. परंतु कारुकांची बहुतेक मूळ भूमी आज राष्ट्रीय जंगलात आहे. तिथे राज्याचा नव्हे, केंद्रीय खात्याचा शब्द चालतो.

या कथेचा आपल्याशी संबंध ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकन खात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो याने तरुणपणी ज्यांचा सल्ला घेतला ते डिट्रिच ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. जंगल म्हणजे आगीपासून जपायची सरकारी मालमत्ता हा प्रयोग इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात केला होता. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली जंगलखात्यावर कोरडे ओढले ते याच काळात.

आजही लागू असलेला १९२७ चा भारतीय वन कायदा उघडून कलम २६ वाचावे. राखीव जंगलात आग लावणे, विस्तव नेणे हा गुन्हा आहे, काटकी उचलणेही. त्याचे तिसरे पोटकलम मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देतो : जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर गुन्हेगाराला शिक्षा झालेली असली तरीही, राज्य सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितका काळ तहकूब करू शकते. आग एकाने लावायची, उपास गावाने काढायचा. आणि कलम ७९ प्रमाणे विझवायला धावण्याची सक्ती त्याच गावावर. उलट वनखाते दर उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा जाळते ती मात्र शास्त्रीय.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, नंतर शेकडो गावांना. या गावांपुढे आगीचा प्रश्न रोजचा आहे. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून, मोहाची फुले वेचता यावीत म्हणून रान पेटवण्याची चाल आहे. त्यात काही कंत्राटदाराच्या घाईची आग आहे आणि काही गावाच्या गरजेची. दोन्हींची चाल, हंगाम आणि नुकसान सारखे नाही, आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानाला तर यांपैकी कोणतीच आग मानवत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी व्यवस्थापन आराखडे लिहिताना 'आगीवर बंदी' हे एक वाक्य खात्याच्या नमुन्यातून उतरवून घेऊ नये. कोणत्या कंपार्टमेंटमध्ये मोहाखालचा पाला झाडून गोळा करायचा, कुठे तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी छाटायची, जाळरेषा कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखरेखीखाली जाळायची, तिथल्या मजुरांना दर काय, आणि आग सुटली तर भरपाई कोण देणार, हे ग्रामसभेच्या ठरावात तारखेसह लिहून घ्यावे. आणि ठराव लिहायला बसताना मोळीवाल्या बाया बैठकीत असाव्यात.