हत्ती राणीच्या बागेत सापडला

कोसबाडच्या टेकडीवरून मुंबई दिसत नाही. चिकूच्या वाड्या दिसतात, ताडाची झाडे दिसतात. तरीही इथल्या पाड्यापाड्यांवरच्या मुलांना मुंबई चांगली ठाऊक असते. ती ह्या भागातल्या बऱ्याच जणांच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा ‘बघायला’ जायची जागा आहे. वाडीत रोजावर जाणाऱ्या आईबापांची त्या दिवसाची मजुरी बुडते, प्रवासाचे पैसे महिनाभर आधीपासून बाजूला ठेवावे लागतात, पोराला नवा सदरा घ्यावा लागतो. असा दिवस फसला की तो नुसता फसत नाही, घरात पुढे वर्षभर निघत राहतो.

आणि फसण्याची सोय तर गाडीपासूनच असते. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हा मुंबई जवळ आली असे सगळ्यांना वाटले. ती आलीही, पण विरारच्या अलीकडे आपल्या बाजूला रुळांची जोडी एकच जायची एक आणि यायची एक. लांब पल्ल्याची गाडी मागून आली की लोकल बाजूला उभी. चौपदरीकरणाचे काम हाती घेतले आहे, पण पहाटे चारला उठलेल्या आठ वर्षांच्या पोराला त्याचे काय? शिवाय रविवार असला तर पुढे जंबो ब्लॉक. म्हणजे दहाला पोहोचायचे ते अकरा, आणि मग ‘आधी काय बघायचे’ ह्यावरून फलाटावरच पहिले भांडण.

ह्या भांडणाचे मूळ गाडीत नसते, यादीत असते. मुंबईची यादी बाप करतो, आणि ती स्वतःच्या लहानपणाची करतो. त्यात तारापोरवाला मत्स्यालय असते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय आता बंद झाले आहे. त्यात लाल डबलडेकरची वरची पुढची सीट असते. ती जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. विजेवरची वातानुकूलित नवी आली आहे, पण खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेण्याची गंमत तिच्यात नाही. त्यात म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, चौपाटीची भेळ, राणीची बाग, म्युझियम, गेट वे आणि ‘वेळ उरला तर’ घारापुरी असते. घारापुरीला गेट वेहून लाँचने जायलाच सुमारे तास लागतो. वेळ उरला तर म्हणे!

आमच्या माहितीतल्या एका शाळेची सहल अशीच निघाली. रविवारचा ब्लॉक आणि गर्दी टाळायची म्हणून गुरुजींनी मुद्दाम सोमवार धरला. मुलांकडून घारापुरीचा पाठ घोटून घेतला होता : तीन मुखांची भव्य मूर्ती, अखंड कातळात कोरलेली लेणी, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव. गेट वेला पोहोचल्यावर कळले, लेणी सोमवारी बंद असतात. तीस-पस्तीस मुले, समोर समुद्र, आणि एकाच्याही चेहऱ्यावर १९२४ साली खुल्या झालेल्या त्या कमानीविषयी काडीचे कौतुक नाही. दोघे-तिघे रडायला लागले.

इथे बहुतेक जण जे करतात ते म्हणजे उरलेली यादी पळत पळत पुरी करणे. दुपारी चारपर्यंत पाच ठिकाणे ‘होतात’, आणि संध्याकाळी पोराला विचारले तर त्याला आठवतो तो रस्ता ओलांडतानाचा आईचा धपाटा. गुरुजींनी यादी खिशात घातली. त्यांना एक गोष्ट माहीत होती. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले ते बेटावरच्या एका दगडी हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आले, १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले, आणि तेव्हापासून हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. बेटावर जाता येत नाही ना, मग ज्याच्या नावाचे बेट आहे त्यालाच भेटू, असे म्हणून त्यांनी सगळ्यांना बसमध्ये घातले.

त्या हत्तीकडे सहसा कोणी ढुंकून पाहत नाही. लोक २०१७ पासून पेंग्विनांच्या रांगेत असतात. ह्या मुलांनी मात्र त्याला तासभर सोडले नाही. सांधे कुठे आहेत ते शोधले, पावलांची मापे टाचांनी घेतली. एका मुलीने विचारले, “गुरुजी, सोंड जोडली तेव्हा त्यांना कसं कळलं की ती अशीच होती?” प्रश्न साधा नाही. पुराणवस्तू जोडणाऱ्या मोठमोठ्यांनाही तो छळतो.

ह्यात नवल वाटू नये, कारण हे कोसबाडला घडत आले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा आदिवासी मुले ठरल्याप्रमाणे शाळेत येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कुणाला गुरे. ताराबाई आणि अनुताई वाघ ह्यांनी मुलांना दोष दिला नाही, बेत बदलला. शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. शंख-शिंपले, पाने, खडे हेच शिकवण्याचे साहित्य. काम पुढे बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अंगणवाडी हा शब्द तर देशभर झाला. सहलीचा फसलेला बेत सावरायला ह्याहून वेगळी अक्कल लागत नाही : जे समोर आहे त्याच्याजवळ मुलाला बसू द्यायचे, आणि घड्याळ मोठ्यांनी आपल्याकडे ठेवायचे. विशेषतः परतीच्या गाडीचे, कारण डहाणूची लोकल चुकली तर पुढची लगेच नसते.

पाड्यावर परतल्यावर म्हणे घारापुरीची चौकशी कुणी केलीच नाही. एका आजीने एवढेच विचारले, की इतका जड हत्ती पाण्यावरून आणला कसा? त्यावर मुलांमध्ये दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

यंदाही ती शाळा मुंबईला जाणार आहे. यादीत दोनच नावे आहेत, घारापुरी आणि राणीची बाग. सोमवारी लेणी बंद, बुधवारी बाग बंद. म्हणून वार मंगळवार ठरला आहे.