कॅन्सर घराण्यात असतो का?

सोयरिकीच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हळूच विचारला जातो : "मुलीची आई कशाने गेली?" कॅन्सरने गेली असे कळले की पाहुणे चहा पिऊन उठतात आणि पुढे निरोप येत नाही. वस्त्यांतून काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होताना आतल्या हुकमांची, म्हणजे जनुकांची, नक्कल होते. नक्कल करताना चुका व्हायच्याच; आम्हा कारकुनांना हे कोणी सांगायला नको! बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते. परंतु तंबाखूसारख्या विषाचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला, तर राहिलेल्या चुका साठत जातात आणि एखादी पेशी 'थांब' हा हुकूमच पाळेनाशी होते. तिची गाठ होते किंवा न भरणारी जखम होते. पुढे त्यातल्या पेशी सुटून मानेतल्या, काखेतल्या गाठींत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, यकृतात, हाडात जाऊन बसतात. 'तपासायला तुकडा काढला म्हणून पसरला' असे लोक म्हणतात, ते खरे नव्हे. तपासणीलाच उशीर झालेला असतो. रोग्याचे ताट-तांब्या वेगळे ठेवण्याचेही कारण नाही. शिवाशिव म्हणजे काय हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांच्याच घरात असे घडावे, याचे वाईट वाटते.

आता घराण्याचे. शंभरातले सुमारे ५ ते १० कॅन्सरच आई-बापाकडून आलेल्या जनुकातील दोषामुळे होतात. १९९४ साली शोधले गेलेले बीआरसीए-१ हे जनुक त्यांपैकी एक. त्यात दोष असल्यास स्तनाच्या व बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका पुष्कळ वाढतो. हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. आणि तो बापाकडूनही येतो! मुलीच्या आईलाच बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय वारशाने येतो तो धोका, रोग नव्हे. एकाच बाजूच्या दोघा-तिघांना, त्यातही पन्नाशीच्या आत, असा कॅन्सर झाला असेल, तर परळच्या टाटा रुग्णालयात याविषयी सल्ला मिळतो.

मग एकाच घरात सासू आणि सून दोघींना तोंडाचा कॅन्सर होतो, तो कसा? त्यांचे तर रक्ताचे नाते नाही. नाते आहे मिश्रीच्या डबीचे. तव्यावर तंबाखू भाजायची, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची. सासूचे पाहून सून शिकते, तिचे पाहून नात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, मिश्री मात्र घरच्या चुलीवर होते. तिला कोण अडवणार?

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही घराण्याचा नव्हे. तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या ज्यांना दर दोन वर्षांनी तपासले, त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी कसली? व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ती केली. तोंडाची तपासणी तर त्याहून सोपी : पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, जबडा पूर्ण न उघडणे. आरशात दिसते.