विश्लेषण : गोधडी शिवतानाच तिची नोंद का ठेवायची?

घरातली जुनी गोधडी उलगडली की वरचे लुगडे कुणाचे होते, हे सांगणारे कुणीतरी सापडते. आत काय आहे, टाके कुणी घातले आणि कोणत्या साली, हे मात्र बहुतेक घरांत कुणालाच सांगता येत नाही. गोधडीवर शिवणारीचे नाव नसते. शिवून झाली की मधले थर कायमचे झाकले जातात. म्हणून तयार गोधडीचा फोटो ही तिची अर्धीच नोंद ठरते. उरलेली अर्धी, ती शिवली जात असतानाच करावी लागते.

गोधडीत नेमके काय असते?

कुठे गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, तान्ह्या बाळासाठी असेल तर दुपटे. आकार आणि नावे बदलतात, कृती बरीचशी तीच. रजईत कापूस भरतात. गोधडीत कापडावर कापड असते. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, परकर यांचे थर. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती कापड सुई सहज घेते. त्यातही नऊवारी लुगडे सोयीचे, कारण ते लांब आणि सलग असते. अलीकडच्या सिंथेटिक साड्या थरात सरकतात आणि घामही टिपत नाहीत.

कशी शिवतात?

सुगी आटोपल्यावर आणि पाऊस लागण्याआधी, उन्हाळ्यात हे काम निघते. आधी कपडे उसवतात. बटणे, खिसे, जाड शिवणी काढून टाकतात. मग अस्तर जमिनीवर ताणून अंथरायचे आणि सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. त्यावर एकेक थर. विरलेले, फाटके कापड मध्ये जाते, धड असलेले वर आणि खाली. कडा आत दुमडून लांब लांब कच्चे टाके घातले की थर जागच्या जागी बसतात. त्यानंतर मोठी सुई आणि जाड दोरा घेऊन धावदोरा सुरू होतो. कुणी कडेपासून चौकोनात आत आत येते, कुणी सरळ ओळी घालते. खरे कसब दिसते ते डाव्या हातात : कापड चाचपत, सुरकुती पुढे सारत तो हात सुईच्या आधी चालतो. दोघी शिवायला बसल्या तर टाक्यांवरून कोणता भाग कुणाचा ते जाणकार बाई ओळखते.

नोंद नसेल तर काय हरवते?

उत्तर कर्नाटकातील यल्लापूर, हल्याळ भागात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तीही ठिगळांची गोधडीच. तिच्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे तुकडे असतात. पाहणाऱ्याला ती केवळ सजावट वाटेल. अभ्यासकांनी शिवणाऱ्यांनाच विचारले, तेव्हा कळले की त्यांना ‘फुला’ म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी उघडी, अपुरी मानतात. नुसत्या फोटोतून हे समजले नसते.

बंगालमधील कांथ्याचे उदाहरण उलट बाजूचे आहे. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातील एका कांथ्यावर मानदासुंदरी या स्त्रीने आपले नाव आणि वडिलांना अर्पण केल्याचा मजकूर टाक्यांतच लिहून ठेवला. म्हणून ती आज नावानिशी माहीत आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य गोधड्या निनावीच आहेत, आणि मजुरीवर शिवून विकल्या जाणाऱ्या गोधड्यांवर विकणाऱ्याचे लेबल असते, शिवणारीचे नाही.

मोबाइलवर नोंद कशी करावी?

सुरुवात सुईपासून नको, गाठोड्यापासून करावी. कपडे उसवण्याआधी प्रत्येकाचा वेगळा फोटो घ्यावा आणि ते कुणाचे, कधीचे, हे तिथेच विचारून आवाज रेकॉर्ड करावा. ‘गोधडी कशी शिवतात?’ असे विचारले तर ‘कशी म्हणजे? अशीच!’ एवढेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. ‘आजी, हे लुगडं कुणाचं?’ असे विचारले की बोलणे आपोआप पुढे जाते.

थर अंथरताना प्रत्येक थरानंतर एकाच जागेवरून फोटो काढावा. आत काय गेले याचा पुढे हाच पुरावा. टाक्यांचे चित्रीकरण समोरून केले तर हात उलटे दिसतात. शिवणारीच्या खांद्यामागून, उजेड बाजूने येईल असे बसून करावे. चेहऱ्याइतकाच, किंबहुना जास्त वेळ दोन्ही हातांना द्यावा. टाक्यांच्या फोटोत शेजारी पट्टी ठेवली तर लांबी आणि अंतर नंतर मोजता येते. दोरा कसा ओवला, गाठ कशी मारली, चुकलेली ओळ कशी उसवली, हेही टिपावे. चुका कापून गुळगुळीत केलेला व्हिडीओ रील म्हणून चालेल, शिकणाऱ्याच्या कामाचा नाही.

शब्द तिचेच ठेवावेत. ती ज्याला जे म्हणते, तेच लिहावे. प्रमाण भाषेत सुधारू नये. आणि हे सगळे तिच्या संमतीने. चेहरा नको म्हणाली तर फक्त हात दाखवावेत. समाजमाध्यमांवर टाकायचे का, हे वेगळे विचारावे. फोनमध्ये ‘व्हिडीओ १’ म्हणून पडलेली फाइल पुढचा फोन घेताना हरवते. तिला शिवणारीचे नाव, गाव आणि साल द्यावे, एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

सर्वात टिकाऊ नोंद मात्र कापडावरची. पांढऱ्या सुती पट्टीवर नाव, गाव, साल आणि कुणासाठी शिवली, एवढे दोऱ्याने भरून ती पट्टी मागच्या कोपऱ्यात शिवावी. शाई धुण्यात जाते.

आधीच शिवलेली गोधडी असेल तर?

दोन्ही बाजूंचे, कोपऱ्यांचे आणि टाक्यांचे जवळून फोटो घ्यावेत. जिथे फाटली असेल तिथे आतले थर दिसतात; तेवढेच पाहावे, मुद्दाम उसवू नये. ठिगळ लावण्याआधी त्या जागेचा फोटो घ्यावा. मग ती घरातल्या सर्वात वयस्कर बाईच्या मांडीवर पसरावी आणि रेकॉर्डर सुरू ठेवावा.