पिसाच्या नळींतील कोळी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परसांत दहापांच कोंबड्या असतातच. परंतु त्यांच्या पिसांत कोण नांदतें इकडे लक्ष देणारे थोडे. आम्हींही दिलें नव्हतें, व त्याची किंमत आम्हांस नऊ कोंबड्यांनीं मोजावी लागली.

गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वीं श्रावणाच्या सुमारास आमच्या बावीस देशी कोंबड्यांपैकीं कांहींचीं पंखांचीं व शेपटीचीं पिसें बुडाशीं मोडूं लागलीं. पिसें झडण्याचा हंगाम असेल म्हणून प्रथम आम्हीं दुर्लक्ष केलें. पुढें पाठी उघड्या पडल्या, तेव्हां बाजारांतील एका दुकानदाराच्या सांगण्यावरून कपाशीवर फवारावयाचें औषध आणून कोंबड्यांच्या अंगावर मारलें. तिसऱ्या दिवसापर्यंत नऊ मेल्या, आणि उरलेल्यांचीं पिसें पूर्ववत् मोडतच राहिलीं. दुकानदारास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. कीड कोणती हें न पाहतां पंप उचलणारे आम्हीच.

मग तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत गेलों. तेथील डॉक्टरांनीं मोडलेल्या पिसाचा खुंट धारदार पात्यानें उभा चिरला. आंत तपकिरी भुकटी होती. भिंगाखालीं धरतांच त्या भुकटींत लांबट, पांढुरके जीव सावकाश हलतांना दिसले.

हा किडा नव्हे. किड्यास सहा पाय, यास आठ. वांग्यावरील लाल कोळी व गुरांवरील गोचीड यांच्याच गोतांतला हा. त्याचें शास्त्रीय नांव सिरिंगोफिलस बायपेक्टिनाटस. हेलर या संशोधकानें तें १८८० सालीं दिलें. ग्रीक भाषेंत सिरिंक्स म्हणजे नळी, म्हणून हा नळीप्रिय. लांबीनें एक मिलिमीटरहून कमी असा हा प्राणी पिसाच्या पोकळ देठांत राहतो, तेथेंच अंडीं घालतो, आणि सुईसारख्या लांब मुखानें नळीची भिंत आंतून भेदून भोंवतालच्या जिवंत मांसांतील रस शोषतो. माद्या बाहेर पडून नव्या, वाढत्या पिसांत शिरतात व तेथें पुनः संसार थाटतात. अंगावर फवारलेलें औषध त्यास कसें लागावें? आम्हीं वाड्याच्या भिंतीवर पाणी मारलें आणि आंतला माणूस भिजेल अशी अपेक्षा केली!

अशा नळींतील कोळ्यांच्या शेंकडों जाती जगभरच्या पक्ष्यांत सांपडल्या आहेत, व अद्याप नव्या सांपडत आहेत. नवी जात दप्तरीं दाखल कशी होते हें डॉक्टरांनीं सांगितलें, तें ऐकून आमच्यासारख्या महसूल खात्यांतील जुन्या कारकुनास फार मौज वाटली. पुष्कळ वेळां पक्षी जिवंत लागतच नाहीं. संग्रहालयांत कापूस भरून ठेवलेल्या पक्ष्यांचीं पिसें तपासतात. नळींत वाळून गेलेला कोळी कित्येक वर्षांनींही निघतो. त्यास आम्लांत ठेवून पारदर्शक करावयाचें, कांचेच्या पट्टीवर बसवावयाचें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं अंगावरील एकेक केंस मोजावयाचा. कोणता केंस कोठें, किती लांब, पायाच्या टोकाशीं असलेल्या फणीसारख्या केंसास दांते किती, यावर जात ठरते. मापें मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. शेताच्या मोजणींत इतका बारीक हिशेब होता तर निम्मे बांधाचे तंटे आमच्या कचेरींत आलेच नसते.

नंतर एक नमुना नामधारक म्हणून ठरवितात. तो मूळ दस्तऐवज. पुढें वाद पडल्यास त्याकडेच जावें लागतें. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीचा असा नमुना स्पष्टपणें नेमणें, व तो कोणत्या संग्रहांत ठेवला जाणार हें छापणें, आंतरराष्ट्रीय नियमांनीं आवश्यक केलें आहे. येथें फेरफाराची नोंदही असते. खुराड्यांतील तांबडा कोळी घ्या. द गेर या स्वीडिश पंडितानें १७७८ सालीं त्यास अकारस गॅलिनी म्हटलें. पुढें तो डर्मॅनिसस या गणांत गेला, म्हणून द गेरचें नांव आतां कंसांत लिहितात. कंस दिसला कीं खातेबदल झाला असें समजावें.

हा तांबडा कोळी मात्र निराळ्या स्वभावाचा. दिवसां तो बसण्याच्या दांडीखालीं व फळ्यांच्या फटींत लपतो, आणि रात्रीं येऊन रक्त पितो. उपाशी राहून कित्येक महिने तग धरतो. तेथें औषध मुख्यतः खुराड्यास हवें. याच कोळ्यापायीं २०१७ सालीं नेदरलंड्स व बेल्जम येथील कोंबडीघरांत फिप्रोनिल हें निषिद्ध औषध वापरलें गेलें. तें अंड्यांत उतरलें, आणि लाखों अंडीं नष्ट करावीं लागलीं. आपल्याकडे हेंच औषध भातास व उसास वापरतात. डबा घरांत असतो, हात तिकडेच जातो.

उलटपक्षीं, पिसांच्या पृष्ठभागावर राहणारे पुष्कळसे कोळी निरुपद्रवी असतात. पिसांवरील तेल, बुरशी व जिवाणू यांवर त्यांची गुजराण चालते. त्यांच्यामागें लागण्याचें कारण नाहीं.

नळींतील कोळ्यावर डॉक्टरांनीं खात्रीचें औषध सांगितलें नाहीं. फार लागण झालेल्या पांच कोंबड्या आम्हीं मारून पुरल्या. गळालेलीं पिसें रोज वेंचून जाळलीं, खुराडें रिकामें करून उकळत्या पाण्यानें धुतलें, चुना दिला. उरलेल्या आठांनीं दिवाळीनंतर पुनः अंडीं धरलीं. आतां नवी कोंबडी आणली म्हणजे ती एकवीस दिवस वेगळी कोंडतों, आणि तिच्या शेपटीचें एक जुनें पीस उपटून चिरून पाहतों. मध्यंतरीं अशा एका पिसांत भुकटी निघाली. विकणाऱ्यास तें चिरलेलें पीस नेऊन दाखविलें, तर तो हंसला. पुढच्या आठवड्यांत तोच आपल्या खुराड्यांतील चार पिसें कागदांत बांधून आमच्या ओट्यावर आला.