बैलांच्या खांद्यावरील भार
बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांसह पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. दोनचाकी गाडीत आसापुढचा भार जुवावाटे थेट बैलांच्या खांद्यावर येतो; सततच्या दाबाने व घर्षणाने खांदेसूज होते. 2022 साली सांगली जिल्ह्यातील साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी यावर 'सारथी' हे साधन घडविले. दोन बैलांच्या मधोमध बसविलेले, उंची कमीजास्त करता येणारे हे तिसरे चाक पुढचा भार पेलते. बैलांकडे मुख्यतः ओढण्याचे काम उरते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपणाची गणना आहे. हलका झालेला भार अधिक ऊस लादून भरून काढला, तर मात्र हे चाक व्यर्थच ठरेल. मर्यादा माणसानेच पाळावयाची आहे.